त्वचेचा कर्करोग आणि पेशींची पकड

(पालक-शिक्षक मेळाव्यातील भाषणाचा लेखी पाठ)



आरंभीच एक कबुली देतो. मी विज्ञानाचा पदवीधर नाही. मराठी आणि इतिहास हे माझे विषय. विज्ञानाचा तास मी घेतो तो एखादे शिक्षक रजेवर असले तरच. तेव्हा कर्करोगासारख्या विषयावर बोलण्याचा अधिकार या माणसाला कोणी दिला, असे आपणांस वाटणे साहजिक आहे. तो मला एका तपासणी अहवालाने दिला.

माझ्या खालाच्या उजव्या टाचेला एक काळा डाग होता. घरातील सर्वांनी ते कुरूप समजले, मीही समजलो. औषधाच्या दुकानातून कुरुपावर लावण्याच्या पट्ट्या मीच आणून दिल्या, एकदा नव्हे, तीनदा. पुढे डाग ओला होऊ लागला तेव्हा जवळच्या एका दवाखान्यात तो खरवडून वर मलम लावण्यात आले. खरवडलेला तुकडा तपासणीस गेला नाही. मोठ्या रुग्णालयात जाऊ म्हटले तर खाला म्हणे, "चाकू लावू देऊ नकोस रे. चाकू लागला की तो रोग पसरतो." आठ महिन्यांनी जांघेत गाठ आली. पायाला जखम असली की अवधाण येतेच, म्हणून त्यातही काही दिवस गेले. अखेर तपासणी झाली. अहवालावर मेलॅनोमा हे नाव होते आणि त्याखाली जाडी लिहिली होती : ४.८ मिलिमीटर.

त्या रात्री मी तो कागद आणि शब्दकोश घेऊन बसलो. अर्धा सेंटिमीटरही नाही, एवढ्याशा जाडीने डॉक्टरांचा चेहरा का उतरावा, हे मला कळेना. ते समजून घेण्यात माझी दोन वर्षे गेली. खाला त्यांपैकी चौदा महिनेच होती.

आता विषयाकडे वळू. आपली त्वचा दुरून एकसंध कापडासारखी दिसते, परंतु सूक्ष्मदर्शकाखाली ती पेशींची रचलेली भिंत आहे. सर्वांत वरच्या भागाला बाह्यत्वचा म्हणतात. अंगावर बहुतेक ठिकाणी तिची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाइतकीच असते. तळपायावर मात्र ती मिलिमीटरहून अधिक भरते. तिच्या तळाशी एक पातळ पडदा असतो, त्याला आधारपटल म्हणतात. त्याखाली अंतस्त्वचा, आणि तीत रक्तवाहिन्या व लसिकावाहिन्या. बाह्यत्वचेत रक्तवाहिनी नसते, ही गोष्ट कृपया ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडेल.

या भिंतीत चुना-सिमेंट कोठे आहे? मलाही प्रथम वाटले की दोन पेशींच्या मध्ये काही डिंकासारखे असावे. तसे नाही. प्रत्येक पेशीच्या पृष्ठावर प्रथिनांचे अतिसूक्ष्म रेणू असतात आणि त्यांच्या योगे एक पेशी शेजारच्या पेशीला धरून असते. शास्त्रीय परिभाषेत त्यांना आसंजन रेणू म्हणतात. मी सोयीसाठी त्यांना चिकटरेणू म्हणेन. ही पकड सुटली तर काय होते हे पाहावयाचे असेल तर पेम्फिगस नावाचा विकार पाहावा. त्यात शरीराची रोगप्रतिकारक द्रव्ये चुकून त्वचेतील काही चिकटरेणूंवरच हल्ला करतात आणि पेशी एकमेकींपासून सुटून अंगावर मोठमोठे फोड येतात. कातडी शाबूत राहते ती या रेणूंच्या जोरावर.

पेशींना आपले-परके कळते, ही कल्पना जुनी आहे. १९०७ साली एच. व्ही. विल्सन या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने समुद्रातील जिवंत स्पंज बारीक रेशमी कापडातून पिळून काढला, आपण चक्का गाळतो तसा. पलीकडे पाण्यात सुट्या पेशींचा गढूळ गाळ पडला. त्या पेशी सरकत सरकत एकत्र आल्या आणि त्यांच्यापासून पुन्हा स्पंज तयार झाला! पुढे १९५५ मध्ये टाउन्स आणि होल्टफ्रेटर यांनी बेडूकवर्गीय प्राण्यांच्या गर्भातील निरनिराळ्या पेशी सुट्या करून मिसळल्या, तर त्वचेच्या पेशी त्वचेच्या पेशींना जाऊन मिळाल्या व बाहेर राहिल्या, आणि मज्जेच्या पेशी आत गेल्या. मुंबईच्या गर्दीत रत्नागिरीकडचे दोघे बोलीवरून एकमेकांना ओळखतात आणि बाकावर सरकून जागा करून देतात, तसाच हा प्रकार.

ही बोली कोणत्या रेणूची, हे सापडले ते एका गैरसोयीतून. जपानमधील क्योटो विद्यापीठाचे मासातोशी ताकेइची हे १९७० नंतरच्या दशकात काही काळ अमेरिकेत बाल्टिमोर येथील कार्नेगी संस्थेच्या प्रयोगशाळेत काम करीत होते. क्योटोत ज्या पेशी सुट्या केल्यावर पुन्हा एकमेकींना चिकटत, त्या येथे काही केल्या चिकटेनात. दुसरा कोणी असता तर नशिबाला बोल लावून मोकळा झाला असता. ताकेइचींनी पेशी सुट्या करण्याचे द्रावण तपासले. दोन्हीकडे ट्रिप्सिन हे पाचकद्रव्य वापरीत. परंतु अमेरिकेतील कृतीत कॅल्शियम बांधून टाकणारे एक रसायन अधिक होते. म्हणजे कॅल्शियम असेपर्यंत तो चिकटरेणू सुरक्षित, आणि कॅल्शियम गेले की ट्रिप्सिन त्याचा फडशा पाडणार. १९७७ साली त्यांनी कॅल्शियमवर अवलंबून असलेली आणि नसलेली अशा दोन पकडी वेगळ्या करून दाखविल्या आणि १९८४ मध्ये पहिल्या रेणूला कॅडहेरिन हे नाव दिले. त्याच्या अनेक जाती आहेत. त्वचेच्या पेशींवर प्रामुख्याने ई-कॅडहेरिन असते, तर मज्जापेशींवर आणि अंतस्त्वचेतील तंतुपेशींवर एन-कॅडहेरिन. ई ला ई चिकटतो, एन ला एन.

मला स्वतःला मात्र याहून एक जुना प्रयोग अधिक आवडतो, कारण तो शाळेत फळ्यावर काढून दाखविता येतो. १९४४ मध्ये पेनसिल्व्हेनियातील डेल कोमन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दोन चिकटलेल्या पेशींत दोन बारीक काचेच्या सुया खुपसल्या आणि त्या ओढल्या. सुई किती वाकली यावरून पेशी सुट्या करण्यास किती जोर लागला ते कळे. निरोगी पेशी सहजी सुटेनात. त्वचेच्या जातीच्या कर्करोगाच्या पेशी अगदी थोड्या ओढीने सुटल्या. चिकटरेणूचे नावही ठाऊक नसताना या गृहस्थाने रोगाच्या मर्मावर सुई ठेवली होती.

आता त्वचेचे कर्करोग. मुख्यत्वे तीन. पहिला तळथरातील पेशींचा. गोऱ्या लोकांत तो फार आढळतो, कडेकडेने मांस खात जातो, पण शरीरात दूर पसरणे जवळजवळ नाहीच. त्याच्या पेशींनी कर्करोगी होऊनही ई-कॅडहेरिनची पकड बहुतांशी ठेवलेली असते. जो प्रकार आत घुसत जातो त्यातच ती ढिली दिसते.

दुसरा वरच्या थरांतील चपट्या पेशींचा. याचा आपल्या देशाशी जुना संबंध आहे. काश्मिरात थंडीत लोक फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरतात. तिच्या आचेने पोटावर व मांड्यांवर होणारा कर्करोग वैद्यकात कांगडीच्या नावानेच प्रसिद्ध आहे. मुंबईच्या टाटा रुग्णालयाचे डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ साली धोतराच्या कर्करोगाची नोंद केली. वर्षानुवर्षे कमरेला त्याच जागी घट्ट गाठ, घाम, घर्षण, त्यातून कातडी काळी-जाड होणे, आणि काहींना पुढे तेथे न भरणारा व्रण. जुन्या भाजल्याच्या व्रणावर उठणारा कर्करोगही याच जातीचा, आणि उन्हाने होणाऱ्यापेक्षा तो अधिक पसरतो. या रोगात पेशी जितक्या बिघडलेल्या, तितके त्यांवरील ई-कॅडहेरिन कमी, असे सामान्यतः दिसते.

तिसरा मेलॅनोमा. संख्येने सर्वांत थोडा, परंतु त्वचेच्या कर्करोगाने होणारे बहुसंख्य मृत्यू याचेच. तो रंगपेशींचा रोग आहे. काळा असो वा गोरा, प्रत्येकाच्या कातडीत रंगपेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक त्या किती व कसा रंग बनवितात यात असतो. (वर्णाचा अभिमान धरणाऱ्यांना हे कोणीतरी सांगावयास हवे.) एक रंगपेशी आधारपटलावर बसून सुमारे ३६ शेजारपेशींना आपल्या शाखांनी रंग पुरविते. त्या शेजाऱ्यांनी तिला ई-कॅडहेरिनने धरलेले असते. त्यांच्या धाकात ती वाटेल तशी वाढत नाही.

परंतु ही पेशी मूळची त्या गावची नव्हे. गर्भात ती पाठीच्या कण्याजवळ जन्मते, तेथील पकड सोडते, सबंध शरीरभर चालत जाते, आणि त्वचेत येऊन ई-कॅडहेरिनच्या आधाराने स्थायिक होते. प्रवास तिच्या रक्तात आहे. इतर पेशींना जी विद्या नव्याने शिकावी लागते ती हिला फक्त आठवावी लागते. मेलॅनोमा इतका चपळ का, याचे एक मोठे कारण मला यात दिसते.

मग होते असे : रंगपेशीत बिघाड होतो, ई-कॅडहेरिन कमी होते आणि तिच्यावर एन-कॅडहेरिन येऊ लागते. म्हणजे ती गावची बोली टाकून खालच्या मुलखाची बोली बोलू लागते. वरच्या शेजाऱ्यांचा धाक संपला. खाली अंतस्त्वचेतील तंतुपेशी आणि रक्तवाहिन्यांच्या भिंती यांच्यावर एन-कॅडहेरिन आहेच. त्या तिला आपली समजून जागा देतात.

येथे माझी जी चूक झाली होती ती आपली होऊ नये. मी समजलो होतो की चिकटपणा गेला की कर्करोग पसरतो, एवढेच. हे अर्धेच खरे आहे. जी पेशी कशालाच धरत नाही ती मरते. आधार सुटलेल्या पेशीने आपण होऊन मरावे अशी शरीराची योजनाच आहे. १९९४ साली तिला अनॉइकिस हे नाव मिळाले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ बेघर होणे. तेव्हा पसरणाऱ्या पेशीला जुना हात सोडून नवा हात धरावाच लागतो. १९८९ मध्ये म्यूनिकच्या ज्युडिथ जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी म्यूक-१८ नावाच्या चिकटरेणूची ओळख पटविली. पातळ मेलॅनोमात तो क्वचित सापडे, जाडीबरोबर वाढत जाई. पुढे ह्यूस्टन येथे न पसरणाऱ्या मेलॅनोमाच्या पेशींत हा रेणू मुद्दाम घातला, तर उंदरांत त्या पसरू लागल्या. अल्फा-व्ही-बीटा-३ नावाचा इंटिग्रिन जातीचा रेणूही असाच. १९९० मध्ये असे दिसून आले की तिळांत व आडव्या पसरलेल्या पातळ डागांत तो नसतो. रोग खाली उतरू लागला की उगवतो. पेशीभोवतीच्या धाग्यांना धरून पुढे सरकण्यास त्याचा उपयोग होतो.

उलट बाजूचाही प्रयोग झाला आहे. फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत मीनहार्ड हर्लिन यांच्या गटाने मेलॅनोमाच्या पेशींत ई-कॅडहेरिन पुन्हा आणले. त्या पेशी शेजारपेशींना पुनश्च चिकटल्या, पसरण्याच्या कामी येणारे वरील रेणू त्यांच्यावर कमी झाले, आणि प्रयोगशाळेत वाढविलेल्या त्वचेत त्यांचे खाली घुसणे थांबले. हे २००० साली प्रसिद्ध झाले. वाचताना मला वाटले, हेच औषध! पण काचेच्या बशीतील पेशी आणि शरीरभर विखुरलेल्या कोट्यवधी पेशी यांत फार अंतर आहे. चिकटरेणूंवर बेतलेले औषध मेलॅनोमाच्या नेहमीच्या उपचारांत अद्याप आलेले नाही. सुधारणा झाली ती दुसऱ्या वाटेने. २०११ पासून रोगप्रतिकारशक्तीवरील लगाम सैल करणारी औषधे आली. त्या शोधासाठी ॲलिसन आणि होंजो यांना २०१८ चे नोबेल मिळाले. पसरलेल्या मेलॅनोमात अशी दोन औषधे एकत्र दिलेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून थोडे अधिक पाच वर्षांनी हयात होते. पूर्वी बहुतेकांचे वर्षही निघत नसे. परंतु तळपायाच्या मेलॅनोमात त्यांचा गुण कमी येतो, आणि किंमत मध्यमवर्गीय घराला पेलण्यासारखी नाही.

आता त्या ४.८ मिलिमीटरकडे परत येतो. १९७० साली अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी दाखवून दिले की मेलॅनोमाची लांबी-रुंदी पाहण्यापेक्षा तो किती खोल गेला ते मोजावे. रुग्णाचे भवितव्य त्यावरून अधिक चांगले कळते. आपल्या मुलांच्या कंपासपेटीतील पट्टी काढा. तिच्यावरचा सर्वांत लहान भाग एक मिलिमीटरचा. तेवढ्या किंवा त्याहून कमी जाडीचा डाग पूर्ण काढला तर शंभरांतील नव्वदांहून अधिक रुग्ण पाच वर्षांनी जिवंत असतात. जाडी चारच्या पुढे गेली की चित्र पालटते. कारण आपण मघाशी पाहिलेच : बाह्यत्वचेत रक्तवाहिनी नाही. पेशीने वरची पकड सोडून नवी धरली, आधारपटल ओलांडले, की खाली वाहिन्यांचे जाळे तयारच आहे. जाडी हे त्या उतरलेल्या वाटेचे माप आहे.

भाषणानंतर एका भगिनींनी विचारले, "सर, मग चाकू लागला की पसरतो, हे खरेच ना? चाकूने पेशी सुट्या होतात." प्रश्न चोख होता, आणि माझ्या खालाचाच होता. उत्तर असे की चाकूने पेशी सुटी झाली तरी तेवढ्याने ती प्रवासी होत नाही. तिच्यात आतून बदल व्हावा लागतो, आणि तो झाला असेल तर ती चाकूची वाट पाहत नाही. मेलॅनोमाच्या डागाचा तुकडा तपासणीसाठी काढल्याने रुग्णांचे आयुष्य घटलेले आढळलेले नाही. खालाची गाठ मोठ्या रुग्णालयाचा चाकू लागण्यापूर्वीच आली होती. लोकांचा समज होतो कारण आपण शस्त्रक्रियेस जातोच उशिरा. रोग आधीच पसरलेला असतो आणि दोष चाकूच्या माथी येतो.

दुसरा प्रश्न एका विद्यार्थ्याचा : आपल्यासारख्या सावळ्या लोकांना हा रोग होतो का? कमी होतो. पण झाला तर बरेचदा तळपाय, तळहात किंवा नखाखाली होतो, जेथे उन्हाचा संबंध नाही आणि कोणी पाहतही नाही. जमैकाचा गायक बॉब मार्ली याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली तो झाला होता. प्रथम तो फुटबॉलची दुखापत समजला गेला. १९७७ मध्ये निदान झाले आणि ११ मे १९८१ रोजी, वयाच्या ३६ व्या वर्षी, तो वारला.

तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांच्या तळव्यांकडे नजर टाका. पाय चुरायला बसता तेव्हाच पाहून घ्या. दोन्ही अर्धे सारखे नसलेला, कडा वेड्यावाकड्या असलेला, एकाहून अधिक रंगांचा, ६ मिलिमीटरहून मोठा किंवा काही महिन्यांत बदललेला डाग दिसला, नखावर नवीन काळी रेघ उमटून तिचा रंग नखाच्या मुळाशी कातडीवर उतरला, किंवा 'कुरूप' महिना-दोन महिन्यांत बरे झाले नाही, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. तो खरवडू देऊ नका, जाळू देऊ नका. खरवडलेल्या तुकड्यावरून खोली मोजता येत नाही. पूर्ण जाडीचा तुकडा निघाला का, तो बाटलीत घालून तपासणीस गेला का, हे स्वतः विचारा. संकोच करू नका. अहवाल आला की मिलिमीटरचा आकडा कोठे लिहिला आहे ते शोधा आणि तो कागद जपून ठेवा. पुढच्या प्रत्येक डॉक्टराला तो लागतो.